ताईच्या चेहऱ्यावरचा प्रयोग

माझी थोरली बहीण जन्मली तेव्हा मोठ्याने रडली, पण तिचा चेहरा रडला नाही. आवाज घरभर आणि तोंड मात्र जसंच्या तसं. सुईण म्हणाली, चेहरा शांत आहे, पोर भाग्याची आहे. महिन्याभरात आईच्या लक्षात आलं की हिला दूध ओढता येत नाही, झोपेत हिचे डोळे पुरते मिटत नाहीत आणि ही हसत नाही. आईने बोळ्याने दूध पाजून तिला जगवलं. पुढे ताई चालली, बोलली, चांगली धडधाकट वाढली. चेहरा तेवढा कधी हलला नाही. ना कपाळाला आठी, ना ओठाला मुरड.

ओठ मिटत नसत म्हणून प, ब, म ही अक्षरं तिला आली नाहीत. 'बाबा' म्हणता येईना, तेव्हा ती वडिलांना 'दादा' म्हणू लागली, आणि माझा जन्म झाला तोवर सगळं घरच त्यांना दादा म्हणू लागलं होतं. पाणी पिताना ती खालचा ओठ बोटाने वर धरी. चारचौघांत तसं करायची लाज वाटे, म्हणून लग्नाकार्यात ती पंगतीला न बसता वाढायला उभी राही आणि लोक म्हणत, काय कामसू मुलगी आहे. तिचं बोलणं मी इथे साफ करून लिहिते आहे. ती बोलायची तसं लिहिलं तर वाचणारा आधी हसेल, आणि मला ते नको आहे.

आमचं घर रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला. दादा जकातीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी शिक्षिकेची परीक्षा देऊन मुलींच्या शाळेत लागले होते. तिसाच्या सालानंतरची ही गोष्ट. नेमकं साल सांगत नाही, कारण त्यावरून माणसं ओळखू येतील. ती ओळखू यावीत असं मला आजही वाटतं, पण ताईला ते नको होतं.

आम्हा घरच्यांना तिचा चेहरा लागतच नसे. ती रागावली की भांडी घासायचा आवाज बदले. खूश असली की पायाचा अंगठा जमिनीवर घाशी. घाबरली की पदराचं टोक मुठीत जाई. हसायची ती घशातून, खोल, आणि हसू आवरेनासं झालं की पाठमोरी होऊन भिंतीला टेकायची. डोळे सदाच ओलसर असत, त्यामुळे तिच्या डोळ्यांतल्या पाण्याला मात्र बाहेरचं कुणी अर्थ देत नसे. शेजारच्या बायका तिला ठोकळा म्हणत. काही जणींना ती गर्विष्ठ वाटे. गाऱ्हाणं सांगावं आणि समोरच्या बाईने 'अगो बाई' असा चेहराही करू नये, याचा त्यांना राग येई.

तिचं लग्न होणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. ते झालं ते भावोजींमुळे. ते गुहागरकडचे, परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर सुकाणी, म्हणजे बोटीचं चाक धरणारे. मांडवीला कुणाला भेटायला आले असताना कुंपणापलीकडून त्यांनी ताईला बोलताना, हसताना ऐकलं. मग तिला पाहिलं, आणि तरीही मागणी घातली. दादांनी सगळं उघड सांगितलं तर म्हणाले, "रात्रीच्या पाळीला बोटीवर कुणाचं तोंड दिसतंय? आवाजावरच माणूस ओळखायचं." त्यांच्या आईला ही सून पसंत नव्हती आणि तिने ते लपवलंही नाही. भावोजी वर्ष-दीड वर्ष बोटीवर असत; तेवढे दिवस ताई आमच्याकडेच राही. सासूने कधी बोलावणं धाडलं नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या डॉक्टरांकडे त्यांचे एक वर्गमित्र मुक्कामाला आले. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजात प्रोफेसर, परदेशी राहून मानसशास्त्र शिकून आलेले. त्यांना मी अहोजाहो करते ती केवळ सवयीने. माणसाच्या भावना आणि त्या चेहऱ्यावर कशा उमटतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. सुट्टी लागायच्या आधी ते आमच्या शाळेतही येऊन गेले. त्यांच्याजवळ फोटोंची पेटी होती: कुणी गोरा माणूस दात विचकतोय, कुणी बाई नाक मुरडतेय, कुणी डोळे फाडून बघतेय. एकेक फोटो दाखवून ते मुलींना विचारत, या माणसाला काय वाटतंय? दात विचकणाऱ्याला बघून माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, याची दाढ दुखते. प्रोफेसर मनमोकळं हसले. मलाही ते भले वाटले. माणसाच्या मनाचा असा अभ्यास होऊ शकतो हेच मला नवं होतं, आणि मी त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले.

त्यांनी मला एक सिद्धांत समजावून सांगितला. परदेशातल्या विद्वानांचा होता, त्यांना तो फार पटला होता. आपण समजतो की दुःख होतं म्हणून माणूस रडतो. खरं तर उलट आहे. शरीर आधी रडतं, आणि त्या रडण्याची जाणीव म्हणजेच दुःख. मला ते ऐकायला चमत्कारिक वाटलं, पण खोटं आहे असं म्हणवेना. पुढे डॉक्टरांनी त्यांना ताईबद्दल सांगितलं, आणि मग त्या सिद्धांताला आमच्या घराचा पत्ता मिळाला. जिचा चेहरा रडूच शकत नाही तिला दुःख होतं का? आणि झालंच तर किती?

हा प्रश्न त्यांनी दादांना असा विचारला नाही. डॉक्टर दादांना म्हणाले, मोठे विद्वान आहेत, बाहेरच्या देशांत अशा चेहऱ्यांवर इलाज निघालेत, बघून सांगतील. आईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. इलाजाचा शब्द त्यानंतर कुणी काढला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी ताईला पेटीतले फोटो दाखवले. त्यांची अशी समजूत होती की दुसऱ्याचा चेहरा आपण मनातल्या मनात स्वतःच्या चेहऱ्यावर करून बघतो आणि म्हणून तो आपल्याला कळतो. तेव्हा हिला काहीच ओळखता येऊ नये. ताईने एकूण एक ओळखले. एका हसऱ्या बाईच्या फोटोवर ती थांबली आणि म्हणाली, "ही हसत नाही. हिला हसायला सांगितलंय." प्रोफेसरांना बरं वाटलं नाही. त्यांनी फोटो पिसून पुन्हा दाखवले, उत्तरं तीच आली. मग ते भावोजींची चौकशी करू लागले. कुठे असतात, बोटीचं नाव काय, शेवटचं पत्र कुठल्या बंदरातून आलं. इतक्या आपुलकीने विचारत होते की ताई खुलली. तिचा अंगठा जमिनीवर फिरत होता.

पुढच्या खेपेला त्यांनी तिला बाटल्या हुंगायला दिल्या, सुई टोचली, आणि ती बेसावध असताना तिच्या खुर्चीमागे लवंगी फटाका उडवला. ताई दचकून उठली, तिच्या हातातला तांब्या पडला, पाणी ओटीभर झालं. भीती वाटली का, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, वाटली. कुठे वाटली, तर तिने पोटावर हात ठेवला. प्रोफेसर डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, काहीही प्रतिसाद नाही. मला तेवढं इंग्रजी कळत होतं. डबडबलेल्या ओटीवर बसून ते म्हणत होते, प्रतिसाद नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीचा किती विचार केला आहे. आपण कुणाच्या तोंडून ऐकलं आहे का, की वाईट बातमीने माझा चेहरा असा झाला? आपण म्हणतो पोटात कालवलं, ऊर भरून आला, काळजात चर्र झालं, हातपाय गळाले, घशाशी आवंढा आला. आमच्या मांडवीतली अडाणी म्हातारीही असंच म्हणते. चेहरा दिसतो तो बघणाऱ्याला. ज्याचं दुःख असतं त्याला तो दिसतसुद्धा नाही. पण विद्वानाला बघणाऱ्याच्या जागेवरून उठायचंच नव्हतं.

आता त्या सकाळबद्दल सांगते.

शाळेला सुट्टी होती, मी घरी होते. प्रोफेसर एकटेच आले, बरोबर कॅमेरा. आज फक्त साधे फोटो काढायचे, असं म्हणाले. अंगणात तीन पायांवर कॅमेरा उभा केला आणि ताईला ओटीवर खुर्चीत बसवलं. समोर बघत राहायचं, हलायचं नाही. दादा झोपाळ्यावर होते. आई अंगणात सुपातून आंबोशी वाळत घालत होती. तेवढ्यात प्रोफेसरांचा गडी फाटकातून एक पाकीट घेऊन आला आणि तार आहे म्हणाला.

आमच्या बाजूला घरोघर कुणी ना कुणी बोटीवर. तिथे तारेला एकच अर्थ असतो. दादांनी हात पुढे केला, पण प्रोफेसरांनी पाकीट आपल्याकडे घेतलं, मी वाचतो म्हणाले. फोडलं. वाचलं. मग थोडे थांबले. ते थांबणं मला अजून दिसतं, इतकं ते बेतलेलं होतं. मग भावोजींच्या बोटीचं नाव घेऊन त्यांनी मराठीत सांगितलं, बोटीला आग लागली आहे, सुकाणी सापडत नाहीत.

कागद ओटीच्या कठड्यावर ठेवून ते अंगणात गेले आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं.

आईच्या हातून सूप पडलं आणि तिने टाहो फोडला. दादा उठायला गेले आणि परत झोपाळ्यावर बसले. ताई खुर्चीत होती. चेहरा नेहमीचा, समोर वळवलेला, सांगितला होता तसा. मग तिने खुर्चीच्या दांड्यावर आधी डावं मनगट आपटलं, मग उजवं. पुन्हा डावं. हिरव्या काचा ओटीवर उडाल्या. तिच्या घशातून एक आवाज येत होता, बारीक, न थांबणारा. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मनगटातून रक्त येत होतं आणि बांगड्या संपल्या तरी ती हात आपटतच होती.

कापडाखालून प्रोफेसर म्हणाले, "हलू नका. तसंच समोर बघा."

मी धावत गेले ती ताईचे हात धरायला. हात धरता धरता माझी नजर कठड्यावरच्या कागदावर गेली. तार डॉक्टरांच्या नावावर होती, जुनी. आंब्याच्या पेट्या मुंबईला सुखरूप पोचल्याचं त्यात लिहिलं होतं. मी ती पुन्हा वाचली, कारण माझ्या इंग्रजीवर माझाच भरवसा नव्हता. मग मी म्हणाले, "हे खोटं आहे. ही तार आंब्याची आहे."

प्रोफेसर कापडातून बाहेर आले. त्यांचे केस विस्कटले होते. ते माझ्यावर रागावले नाहीत, फक्त थोडे नाराज झाले. म्हणाले, "मी सांगणारच होतो. एक काच राहिली होती."

काच म्हणजे फोटोची काच. एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य आठवलं की माझी कानशिलं अजून तापतात. ओटीवर माझ्या बहिणीच्या सौभाग्याच्या काचा पडल्या होत्या आणि या गृहस्थांची एक काच राहिली होती.

त्यांनी मग आम्हाला समजावलं. खरं दुःख सांगून करता येत नाही. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला ठाऊक असेल तर प्रयोगाला अर्थ राहत नाही. परदेशात असंच करतात. कुणी वाईट वाटून घेऊ नये. आणि मग त्यांनी ताईला विचारलं की बातमी ऐकली त्या क्षणी नेमकं काय वाटलं, आठवतंय तोवर सांगा. ताई खुर्चीवरून उतरली आणि खाली बसून काचा वेचू लागली, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. दादा जन्मात कुणाला उलटून बोलले नव्हते. ते उठले, फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही जा." प्रोफेसरांनी कॅमेरा नीट कापडात गुंडाळला, आणि गेले.

ताई दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिने मला विचारलं, "तार खोटी, हे खरं ना?" मी कागद दाखवला. तिने मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, आणि नंतरही विचारत राहिली. मरणाची बातमी एकदा कानात शिरली की ती खोटी होती हे कळून बाहेर निघत नाही. आईने कासाराला बोलावून आणलं, नव्या बांगड्या भर म्हणाली. ताई ऐकेना. "त्यांच्या हातचं अक्षर येऊ दे, मग भरीन." नवरा जिवंत असून मोकळे हात, या विचाराने आई कासावीस झाली. शेवटी तिने ताईच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधला आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

दादा फोटोच्या काचा मागायला डॉक्टरांच्या बंगल्यावर गेले. तिथे त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि सांगितलं की काचा आता कुणा एकाच्या नाहीत, शास्त्राच्या आहेत. दादा परत आले ते मान खाली घालून. गावातले शहाणेसुरतेही हेच बोलू लागले. डॉक्टर मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, अहो, खोटंच होतं ना? कुणाचं काही गेलं का? मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझा चेहरा बोलत असणार, कारण ते लगबगीने पुढे गेले. ताईचा चेहरा तसा बोलत असता तर तिच्या वाटेला हे आलंच नसतं, असं मला त्या वेळी वाटलं. नंतर वाटलं, हेही खरं नाही. ज्याला हुकमी दुःख बघायचं आहे तो बोलका चेहराही सोडत नाही.

बातमी समुद्राने गुहागरला पोचली, आणि अर्धीच पोचली: सून बांगड्या फोडून बसली आहे. ताईची सासू मिळेल त्या मचव्यात बसून आली. आमच्या अंगणात शिरली तेव्हा तिचे डोळे रडून सुजले होते आणि पाय लटपटत होते. मुलगा सुखरूप आहे, तार खोटी होती, हे ऐकल्यावर ती पायरीवरच बसली. थोड्या वेळाने ताईकडे वळून म्हणाली, "जित्या माणसाच्या नावाने बांगड्या फोडल्यास?"

ताईने दोन्ही हात पुढे केले. मनगटांवरच्या खपल्या अजून पडल्या नव्हत्या. ती म्हणाली, "तुम्हाला जसं कळलं तसंच मला कळलं."

सासूने ती मनगटं उलटसुलट करून पाहिली. मग तिने आईकडे खोबरेल मागितलं आणि स्वतः ताईच्या हातांना लावलं. लावताना तोंडाचा पट्टा चालूच होता, आणि ताईचा अंगठा जमिनीवर हळूच फिरत होता.

सासू आमच्याकडे असतानाच कळलं की मुंबईला परतण्याआधी प्रोफेसर एका शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान देणार आहेत, मानवी भावना आणि चेहरा या विषयावर, पडद्यावर चित्रं दाखवून. मी जाणार म्हटलं. सासूने विचारलं, हाच का तो तारवाला? हो म्हटल्यावर म्हणाली, मी पण येते. ताईला आम्ही बोलावलं नव्हतं. निघायच्या वेळी तीच लुगडं बदलून उभी होती.

हॉल भरला होता. बायकांची बाकं मागे, एका कडेला. गावातला फोटोवाला मॅजिक लँटर्नपाशी काचा सरकवायला उभा होता, समोर पांढरं धोतर ताणून बांधलं होतं. डॉक्टर अध्यक्ष होते. आधी ते परदेशी चेहरे आले, लोक हसले, प्रोफेसरांनी चांगले विनोद केले. आणि मग धोतरभर माझ्या बहिणीचा चेहरा आला. माणसाच्या उंचीपेक्षा मोठा. प्रोफेसर म्हणाले, ही इथलीच एक स्त्री आहे, नाव मी सांगणार नाही. जणू रत्नागिरीत ते सांगायला लागलं असतं. पतीच्या निधनाची बातमी ऐकताक्षणी काढलेला हा फोटो आहे, पाहा, दुःखाची एक रेषादेखील नाही. जिथे आविष्कार नाही तिथे भावनाही मंद असते, असं मानायला इथे मोठा आधार मिळतो.

पुढच्या बाकांवर कुणीतरी हसलं. माझ्या बाजूला ताईची मूठ पदरावर आवळली गेली.

सासू उभी राहिली. म्हणाली, "ते चित्र खाली घ्या."

प्रोफेसरांनी अंधारात डोळे बारीक करून पाहिलं. प्रश्न शेवटी घेऊ, असं ते म्हणाले.

"मी प्रश्न विचारत नाही. माझ्या सुनेचं तोंड आहे ते. खाली घ्या."

आवाज चढलेला नव्हता. घरात म्हणावं, ते झाकण खाली ठेव, तशा आवाजात ती म्हणाली. फोटोवाल्याने प्रोफेसरांकडे पाहिलं, मग काच ओढून घेतली. धोतर पांढरं झालं. तेव्हा मी उठले. मी सांगितलं की मी तिथे होते. बातमी खोटी होती आणि ती यांनीच रचली होती. हे कापडाखाली होते तेव्हा त्या बाईने दोन्ही हातांच्या बांगड्या फोडल्या, रक्त येईपर्यंत. "तुमचा फोटो गळ्याशी संपतो. तिचं दुःख त्याच्या खाली होतं. तुम्ही तिकडे पाहिलंत का?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. लोक प्रोफेसरांकडे बघू लागले. मला वाटलं, आता या माणसाला निदान लाज वाटेल. प्रोफेसर शांतपणे म्हणाले, मुद्दा चांगला आहे. पण बांगड्या फोडणं ही शिकवलेली रूढी आहे, उपजत आविष्कार नव्हे. म्हणून शास्त्र तिला भावनेचा पुरावा मानत नाही. उपजत आहे तो फक्त चेहरा.

टाळ्या पडल्या. हे मी लपवत नाही. सुशिक्षित, सभ्य माणसांनी, ज्यांच्या घरात आयाबहिणी होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण उत्तर चटकन दिलं होतं आणि नेमक्या शब्दांत दिलं होतं. सासूने ताईचा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. आमच्या मागून काही बायका उठून आल्या. सगळ्या नाहीत.

त्याचा परिणाम माझ्यावर व्हायचा तो झाला. आमच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या एका गृहस्थांनी मला बोलावलं. भर सभेत पाहुण्यांचा अपमान केल्याबद्दल लेखी माफी मागावी, असं सुचवलं. मी विचारलं, माझ्या बहिणीची माफी कोण मागणार? तो प्रश्न आमच्या कक्षेत येत नाही, असं उत्तर मिळालं. मी माफी लिहिली नाही, आणि माझी बदली मालगुंडच्या शाळेत झाली. दादा घाबरले होते. ताई म्हणाली, "जा. तू माझ्याकरता बोललीस, आता माझ्याकरता मुळुमुळु रडत बसू नकोस." मालगुंड वाईट नव्हतं. मुली हुशार होत्या, समुद्र शाळेतून ऐकू येई. पण जी शिक्षा होती तिला मी शिक्षाच म्हणणार.

पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या आणि टपाल घाटाने, उशिरा येऊ लागलं. भावोजींचं पत्र आलं ते असंच, ओलं होऊन. त्यात विशेष काही नव्हतं. उकाडा आहे, जेवण बेचव आहे, कुठल्या बंदरात साखळदंड बदलला. ताईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मी तेव्हा गौरीगणपतीला घरी आले होते. त्यानंतर तिने बांगड्या भरल्या.

पुढच्या वर्षी, मी सुट्टीत घरी असताना, भावोजी आले. त्यांना सगळं ताईनेच सांगितलं, माजघरात, दार लोटून. बाहेर आले ते सरळ माझ्याकडे आले. प्रोफेसर कुठे राहतात असं मला विचारलं. ते कधीच मुंबईला गेले होते, आणि मुंबईत कुठे ते आम्हाला माहीत नव्हतं. मग भावोजी डॉक्टरांकडे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, डॉक्टरांनीही नाही. त्यानंतर डॉक्टरांनी आमच्या घरची पायरी चढली नाही. फोटोच्या काचांचं काय झालं, मला ठाऊक नाही.

या खेपेला भावोजी परत गेल्यावर सासूने ताईला गुहागरला बोलावून घेतलं आणि ती तिकडेच राहिली. तिला मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा मूल सव्वा-दीड महिन्याचं होतं, आणि सगळ्या आळीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: हसते का? बायका काही ना काही निमित्ताने येत. कुणी जायफळ उगाळायला, कुणी काजळाची डबी घेऊन. पाळण्यावर वाकून टाळ्या वाजवत, जीभ काढून दाखवत, आणि मग एकमेकींकडे बघत. कुणाच्या मनात दुष्टपणा होता असं नाही. प्रोफेसरांच्या मनात तरी कुठे होता?

एका दुपारी अशाच तिघीचौघी आल्या. ताईने मुलीला पाळण्यातून उचललं आणि पदराखाली घेतलं. जन्मभर ती सगळ्यांना हवं तितकं बघू देत आली होती. त्या दिवशी ती म्हणाली, "बसा, चहा घ्या. पण ती दाखवायला ठेवलेली नाही."

बायका खट्टू झाल्या. सासूने आतून चहाचं आधण ठेवलं, पण सुनेला काही म्हणाली नाही. मी ताईच्या शेजारी बसले होते. पदर बाजूला सारून तिने मला, एकट्या मला, मुलीचं तोंड दाखवलं. ती हसते की नाही हे मी पाहिलं. ते मी इथे लिहिणार नाही.